न नोंदवलेले देणे



लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवर वा दुकानात वहीपूजन झाले असेल. हिशेब आता संगणकावर गेले असले, तरी लाल कापडी बांधणीची एक वही आणून तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढण्याची आणि ‘शुभ’, ‘लाभ’ लिहिण्याची रीत आपण सोडलेली नाही. ते पहिले पान स्वच्छ असावे, त्यावर खाडाखोड नसावी, याविषयी आपण फार दक्ष असतो. आमचे वडील तर त्या पानावर लिहिण्यासाठी घरातील सर्वांत सुवाच्य अक्षराच्या माणसाला बसवीत.

या सदरातून मी आजवर ठेवी, विमा, नामनिर्देशन, जामीनपत्र अशा रुक्ष विषयांवर आपल्याशी बोलत आलो आहे. आजचा विषयही हिशेबाचाच आहे. परंतु जे देणे कोणत्याही वहीत चढले नाही, त्याचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकविण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या भगिनींचे हे देणे आहे. त्यात माझ्या स्वतःच्या नावावरही एक लहानशी बाकी आहे. तीही येथे मांडतो.

दिवाळीनंतर मुलगा, सूनबाई आणि चार वर्षांचा नातू यांच्यासह घाटघरला जाण्याचा योग आला. जुन्नरहून आपटाळे, चावंड असे पश्चिमेकडे सरकत गेले की रस्ता जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी, सह्याद्रीच्या धारेवर येतो. तेच घाटघर. येथून पुढे पठार संपते आणि नाणेघाट कोकणात उतरतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे चढत असे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी जमा होत, असे सांगतात. आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना हे स्थळ परके वाटू नये.

नातवाला कडेवर घेऊन आम्ही घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात उतरलो. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेला आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची त्यात संख्येसह नोंद आहे. भारतातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या भिंतीवरील अंकांची गणना होते. राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे झिजून गेले, त्यांची केवळ पावले उरली; दानाचे आकडे मात्र आजही वाचता येतात. बँकेत हयात घालविलेल्या माणसाला याहून समाधानाचे दृश्य कोणते असणार!

नातवाला मी ते अंक दाखविले. त्याने बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, “आजोबा, ह्यांना पण नीट लिहिता येत नव्हतं?”

आम्ही सारे हसलो. सूनबाई मात्र हसता हसता गंभीर झाल्या. कारण दिवाळीच्या सुटीपूर्वी नातवाच्या शाळेतून चिठ्ठी आली होती : ‘अंकलेखनात मागे आहे. पन्नासपर्यंतचा सराव घरी करून घ्यावा.’ चार वर्षांच्या मुलाला ‘मागे आहे’ असे लेखी कळविण्यात आले होते, आणि त्या एका ओळीने घरातील दिवाळीवर थोडी काजळी धरली होती.

ती चिठ्ठी आठवली आणि याच परिसरातील एका वाडीवरची अंगणवाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

गोष्ट १९९६ सालची. तेव्हा मी जुन्नर भागातील एका शाखेत कर्जविभागाचा अधिकारी होतो. पीककर्जांच्या पाहणीसाठी जीपने या पश्चिम पट्ट्यात येणे होई. भात, नाचणी, वरई ही येथील पिके, पावसाळा अतोनात, आणि वरकड उत्पन्न म्हणजे हिरडा. बाळहिरडा वेचून, वाळवून बाजारात आणायचा आणि त्या पैशांत पावसाळ्याची बेगमी करायची, हा येथील महादेव कोळी कुटुंबांचा क्रम. हिरड्याचा व्यवहार आपल्या समाजातील कित्येक घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

जूनच्या अखेरीस एकदा अशी सर आली, की जीप पुढे जाईना. जवळ एक समाजमंदिर होते. आत शिरलो तो वीस-पंचवीस मुले आणि त्यांच्या मधोमध एक तिशीतील बाई बसलेल्या. ती त्या वाडीची अंगणवाडी होती. समोर चिंचोके, सागरगोटे, हिरडे आणि नदीतले गोटे यांचा एकच ढीग केलेला. मुले त्यातून सारख्या वस्तू वेचून वेगवेगळ्या करवंट्यांत टाकीत होती. एक मूल केवळ हिरडे निवडी आणि त्यांतही मोठे एकीकडे, लहान दुसरीकडे करी. कोणी कोणावर ओरडत नव्हते. भिंतीवर फळा होता, पण त्यावर अक्षर नव्हते. खडूने काढलेला एक बैल मात्र होता.

पाऊस थांबेना, म्हणून मीही खाली बसलो आणि एका मुलीबरोबर चिंचोके निवडू लागलो. सहज विचारले, “ताई, लिहायला केव्हा शिकवता?”

त्या म्हणाल्या, “आधी बोटं तयार होऊ द्या, साहेब. बोटं तयार झाली की पेन्सिल आपोआप धरतात.”

मग त्यांनी आपले काम समजावून सांगितले. दोन बोटांच्या चिमटीत चिंचोका धरणे हीच पुढे पेन्सिल धरण्याची तालीम. मोठे-लहान, जड-हलके, खडबडीत-गुळगुळीत हे हाताला कळले, की मग त्यास शब्द द्यायचा. ‘पाच’ हा अंक लिहिण्यापूर्वी पाच हिरडे मुठीत आले पाहिजेत. घरची बोली बोलणाऱ्या मुलाला प्रथम त्याच बोलीत उत्तर द्यायचे. पुस्तकी भाषा मागाहून गाण्यांतून येते. आईला सोडून आलेल्या मुलाला पहिले आठ दिवस काहीही शिकवायचे नाही, त्याला आपल्या पदराशी बसू द्यायचे. हे सर्व सांगत असताना त्यांचे अर्धे लक्ष दाराकडे होते, कारण एक लहानगा पावसात निसटण्याच्या बेतात होता.

दुपारी मुलांना खिचडी वाढून झाल्यावर त्यांनी नोंदवह्या काढल्या. हजेरी, वजने, लसीकरण, आहाराचा साठा, गरोदर मातांची यादी अशी प्रत्येक नोंद तारीखवार होती. मी अनेक शाखांच्या तपासण्या केल्या आहेत. इतकी नेटकी खतावणी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

पुढल्याच उन्हाळ्यात त्या शाखेत आल्या. घराचे छप्पर दोन पावसाळे गळत होते. पत्रे घालण्यासाठी त्यांना बारा हजार रुपये कर्ज हवे होते. मी अर्ज पुढे ओढला आणि ‘मासिक वेतन’ या रकान्यापाशी थांबलो. त्यांना मिळत होते ते ‘मानधन’. वेतनाचा दाखला देणारा कोणी नव्हता, कारण कागदोपत्री त्या कोणाच्याही नोकर नव्हत्या. जमीन सासऱ्यांच्या नावे आणि सातबाऱ्यावर नऊ नावे. मी अर्जावर शेरा लिहिला : ‘निश्चित उत्पन्न नाही’ आणि तो परत केला.

त्यांनी वाद घातला नाही. इतकेच म्हणाल्या, “साहेब, पोरं तर रोज येतात. मग ही नोकरी नाही तर काय आहे?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे कळले, की त्यांनी बाजारपेठेतील एका दुकानदाराकडून हिरड्यावर उचल घेतली आणि त्या वर्षीचा व पुढील वर्षीचा माल त्याने ठरविलेल्या भावाने दिला. त्या दुकानदाराला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्याने निदान पत्रे तरी आणून दिले. मी तेही केले नाही. मी नियमाने वागलो होतो. वरिष्ठांनी शाबासकी दिली नसती, तरी दोषही दिला नसता. परंतु दहा वर्षे एक दिवस न चुकता चाललेल्या कामास मी ‘निश्चित नाही’ असे लिहिले, ही नोंद माझ्या मनातून पुसली गेली नाही.

त्या बाईंची पद्धत आली कोठून, याचा शोध मी पुष्कळ उशिरा घेतला. तिचे मूळ आपल्या महाराष्ट्रातच आहे.

इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले आणि लहान मूल हाताने व इंद्रियांनी शिकते, हे साधनांनिशी दाखवून दिले. तो विचार गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका या मूळच्या वकिलाने रुजविला. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. त्यांच्यासमवेत काम करण्यास ताराबाई मोडक गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. मॉन्टेसरींची साधने सुबक तशीच महाग. ती शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांपुरती राहणार. खेड्यातील मुलाचे काय?

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचे वय तेव्हा पस्तीस होते. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे ज्यांचे बालपण संपले, त्या अनुताईंनी पुढील सत्तेचाळीस वर्षे दुसऱ्यांच्या बालपणासाठी दिली. बोर्डीहून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. लाकडी ठोकळ्यांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने आणि खडे आले. मूल मळलेले आले तर आधी त्याला अंघोळ घालायची, केस विंचरायचे. तोच पहिला पाठ.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा जन्मला. जी मुले गुरे राखण्यास जात, त्यांच्यासाठी रानातच कुरणशाळा भरू लागली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहतीस प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले ते हेच, अंगणवाडी. अनुताई मात्र १९९२ साली निधन होईपर्यंत बालशिक्षणाच्या कामाशीच जोडलेल्या राहिल्या.

घाटघरच्या वाटेवरील त्या बाई प्रशिक्षणाच्या वेळी ताराबाई-अनुताईंची नावे ऐकून आल्या होत्या. करवंटीतील चिंचोके ही त्याच परंपरेची साधने होती.

आता आपल्या सवयीप्रमाणे परताव्याचा विचार करू. अमेरिकेतील मिशिगन राज्यात यप्सिलांटी नावाच्या गावी १९६२ साली एक प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट केले. एका गटाला तीन-चार वर्षांच्या वयात उत्तम बालवाडी मिळाली आणि त्यांच्या शिक्षिका दर आठवड्यास घरी जाऊन आईशीही बोलत. दुसऱ्या गटाला हे मिळाले नाही. मग ही मुले चाळिशीची होईपर्यंत आणि त्यापुढेही त्यांचा मागोवा घेण्यात आला. बुद्ध्यंकातील सुरुवातीची आघाडी काही वर्षांतच ओसरली. तथापि बालवाडीत गेलेल्यांपैकी अधिक जणांनी शाळा पूर्ण केली, त्यांची कमाई अधिक राहिली आणि गुन्ह्यांत ते कमी सापडले. नोबेल पारितोषिकप्राप्त अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खर्चावरील सामाजिक परतावा दरसाल सात ते दहा टक्के काढला आहे. दीर्घ मुदतीची, पिढीभर चालणारी अशी ठेव मी तरी कोणत्या बँकेत पाहिलेली नाही.

आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, २०२० साली, मेंदूचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे नमूद करून तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे वहीचे पहिले पान कोणते, हे धोरणानेही मान्य केले आहे.

ते पान लिहिणाऱ्या हाताला मात्र आपण काय दिले? ‘मानधन’ हा मोठा फसवा शब्द आहे. त्यात मान आधी येतो आणि धन मागे राहते. सेवा ऐच्छिक मानली, की वेतनश्रेणी नको, निवृत्तिवेतन नको, उपदान नको. अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली म्हटले होते. महाराष्ट्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० रुपये आणि मदतनिसांचे ४,४२५ रुपयांवरून ५,५०० रुपये करण्याची घोषणा झाली. या आकड्यांवरून त्यापूर्वीच्या दशकांची कल्पना करावी.

२५ एप्रिल २०२२ रोजी मात्र एक महत्त्वाचा निर्णय आला. गुजरातमधील अंगणवाडी कार्यकर्तींच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी सांगितले, की उपदान अर्थात ग्रॅच्युइटी प्रदान करण्याचा १९७२ चा कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना लागू होतो. अंगणवाडी हे त्या कायद्याच्या अर्थाने आस्थापना आहे, आणि ज्याला ‘मानधन’ म्हटले जाते ते त्या कायद्यापुरते वेतनच होय.

हे वृत्त मी सकाळच्या चहाबरोबर वाचले आणि चहा तसाच राहिला. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या टेबलापाशी उभे राहून त्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होते. रकाना भरता आला असता. तो भरण्याची बुद्धी मला झाली नव्हती.

उपदानाचा हिशेब आपणांस माहीत आहेच. शेवटच्या मासिक वेतनास सव्वीसने भागून पंधराने गुणायचे, आणि त्यास सेवेच्या वर्षांनी गुणायचे. दहा हजार रुपये आणि तीस वर्षे धरली, तर रक्कम सुमारे १,७३,०७७ रुपये होते. सहाशे-सातशे पावसाळी सकाळी नव्हे, तर तीस वर्षांतील जवळजवळ प्रत्येक सकाळ ज्यांनी मुलांत घालविली, त्यांच्या उतारवयाची ही पुंजी. मला माझे उपदान निवृत्तीच्या महिन्यातच, न मागता, खात्यावर जमा मिळाले होते.

घाटघरहून परतताना मी गाडी त्या वाडीकडे वळविण्यास सांगितले. समाजमंदिराच्या शेजारी आता अंगणवाडीची स्वतंत्र खोली आहे आणि तेथे नव्या ताई आहेत. जुन्या बाई काही वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. घर दाखविण्यास एक तरुण पुढे आला. तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्या ओसरीवर नाचणी निवडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, हात मात्र तसेच चपळ.

ओळख पटण्यास वेळ लागला. मग मी मनात साठविलेले बोलून टाकले, की तुमचा अर्ज मी परत केला होता, त्याची खंत आहे.

त्या क्षणभर आठवू लागल्या आणि म्हणाल्या, “कर्जाचं काय घेऊन बसलात? ते तेव्हा कुणालाच मिळत नव्हतं. तुम्ही पोरांत खाली बसून चिंचोके निवडले होते, ते आठवतंय. साहेब लोक यायचे, पण खुर्ची मागायचे.”

वाचकहो, ज्या देण्याचा भार मी इतकी वर्षे वाहिला, ते त्यांच्या वहीत नव्हतेच. जमेच्या बाजूस मात्र एका पावसाळी दुपारचा तासभर त्यांनी जपून ठेवला होता. मला हायसे वाटायला हवे होते. पण वाटले नाही. त्यांनी मागितले नाही म्हणून देणे फिटत नाही.

एकूण किती मुले हाताखालून गेली, असे विचारल्यावर त्या हसल्या. “वह्या सगळ्या जमा केल्या. मोजली कोण?” वर्षाला सहा-सात नवी मुले धरली आणि तीस वर्षे मोजली, तर दोनशेच्या घरात संख्या जाते. नाणेघाटात गायींची, घोड्यांची संख्या दोन हजार वर्षे टिकली आहे. या दोनशे मुलांची संख्या मी ओसरीवर बसून बोटांवर काढली, एवढीच तिची नोंद.

तोवर नातू त्यांच्या सुपाशी जाऊन बसला होता. त्यांनी त्याच्यापुढे मूठभर नाचणी ओतली आणि खडे वेचण्यास सांगितले. पंधरा मिनिटे तो जागचा हलला नाही. सूनबाईंनी शाळेची चिठ्ठी आली असल्याचे हळूच सांगितले. बाई त्याच्या बोटांकडे पाहत म्हणाल्या, “चिमट चांगली आहे पोराची. लिहील की. घाई कुणाला आहे?”

आमच्या घरातील काजळी त्या एका वाक्याने पुसली गेली. शहरातील वर्षाच्या भरभक्कम शुल्कात जे मिळाले नव्हते, ते आम्हांला तेथे विनामूल्य मिळाले.

आता सदराच्या रिवाजाप्रमाणे, व्यवहाराच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पालक आणि आजी-आजोबांसाठी. तीन-चार वर्षांचे मूल शाळेतून आले, की ‘आज काय लिहिलेस?’ असे विचारू नये. ‘आज काय खेळलास, कोणते गाणे म्हटलेस, कोणाशी भांडलास?’ असे विचारावे. आपण लेखन मागतो म्हणून शाळा लेखन पुरविते. ग्राहकाची मागणी बदलली की माल बदलतो, हे व्यापाऱ्यांना मी काय सांगावे! घरी डाळ-तांदूळ, बटणे, शेंगदाणे निवडण्यास द्यावे. दुकानात बसवून सुट्या नाण्यांच्या थप्प्या लावू द्याव्यात. गणिताची त्याहून चांगली वही नाही. मात्र लहान वस्तू नाका-तोंडात जाऊ नयेत म्हणून जवळ बसावे.

दुसरी गोष्ट देणगीदार आणि विश्वस्तांसाठी. निवृत्तीनंतर काही संस्थांचे हिशेब मी पाहतो. एका बालवाडीच्या अंदाजपत्रकात प्रवेशद्वार, रंगकाम आणि संगमरवरी नामफलक यांवरील रक्कम दोन शिक्षिकांच्या वर्षभराच्या पगाराहून अधिक होती, आणि शिक्षिकेचा पगार पहारेकऱ्याहून कमी. आपल्या समाजात ज्ञानदानास कमतरता नाही. परंतु भिंतीवर नाव कोरता येते, बाईंच्या पगारावर कोरता येत नाही, म्हणून दान भिंतीकडे वळते. यावर साधा उपाय आहे. दहा लाख रुपयांची कायम ठेव ठेवून तिचे व्याज केवळ शिक्षिकेच्या वेतनासाठी राखावे. सात टक्के धरले तरी दरमहा ५,८३३ रुपये होतात. आजच्या पगारात तेवढी भर पडली तर चांगली बाई टिकेल. फलक लावायचाच असेल तर ‘शिक्षिका वेतन निधी’ असा लावावा. तो वाचून दुसऱ्यालाही सुचेल. हेच आपल्या पाठशाळांतून वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या ताईंनाही लागू आहे. चातुर्मासात एक शाल आणि नारळ देऊन त्यांचे खाते बंद करू नये.

तिसरी गोष्ट स्वतः बालवाडी वा खेळवर्ग चालविणाऱ्यांसाठी, कारण आपल्यातील अनेक कन्या-सुना आता या व्यवसायात आहेत. शिक्षिकेस नेमणूकपत्र द्यावे, पगार बँकेत जमा करावा आणि वेतनाची पावती द्यावी. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेस उपदान लागू होते, आणि शिक्षकांना ते मिळते, हे २००९ च्या दुरुस्तीने व त्यावरील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निर्णयाने स्पष्ट झाले आहे. कर्मचारी दहाहून कमी असले तरी दरवर्षी पंधरा दिवसांचा पगार बाजूला ठेवण्यास कोणताही कायदा मनाई करीत नाही. उद्या त्या बाई कर्ज मागण्यास बँकेत जातील, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याजवळ रकाना भरण्यास काहीतरी असेल.

असो. घाटघरच्या त्या ओसरीवरून निघताना मी खिशात हात घातला, तो बाईंनी ओळखले आणि मान हलविली. म्हणाल्या, “द्यायचंच असेल तर नव्या ताईला द्या. तिला चटया हव्यात, पावसात फरशी गार पडते.” आम्ही जुन्नरच्या बाजारातून तीस चटया घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या वाहकाबरोबर पाठविल्या. त्यांची पावती मी या वर्षीच्या नव्या वहीत, पहिल्याच पानावर, खर्ची घातली आहे. बाकी अजून बरीच येणे नव्हे, देणे आहे.

पुढील अंकी वारसनोंद आणि संयुक्त खात्यांविषयी बोलू.